दोन फ्रेममधला हात

व्लादिस्लाव स्तारेविचला भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. साल १९१०, गाव कौनास. आज ते लिथुआनियात आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. हा गृहस्थ तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा प्रमुख. सांबरासारखी शिंगं असलेले मोठे भुंगेरे मादीसाठी एकमेकांना कसे भिडतात, हे त्याला पडद्यावर दाखवायचं होतं. अडचण अशी की चित्रीकरणाचे दिवे लागले की भुंगेरे लढायचं सोडून निपचित पडत. शेवटी त्याने मेलेले भुंगेरे घेतले, त्यांचे पाय काढले, त्या जागी मेणाने तारा चिकटवल्या आणि ते तारेचे पाय केसभर सरकवत एकेक फ्रेम टिपली. झुंज लागली. दोन वर्षांनी त्याने किड्यांच्या संसारातली लफडी दाखवणारी ‘कॅमेरामनचा सूड’ ही फिल्म केली, तेव्हा हे किडे शिकवून तयार केलेत असं मानणारे प्रेक्षकही निघाले.

ही फिल्म विनोदी आहे. बायकोवाला भुंगेरा नाचणाऱ्या चतुरीच्या नादी लागतो आणि कॅमेरा घेतलेला नाकतोडा दाराच्या किल्लीच्या भोकातून त्यांचं चित्रण करतो. हसू येतं. पण हसता हसता मधेच लक्षात येतं, की पडद्यावर रुबाबात चालणारा हा जीव पहिलं पाऊल टाकण्याआधीच मेलेला होता. नेहमीच्या भयपटात भूत असतं, म्हणजे मेल्याचं सोंग घेतलेला धडधाकट नट असतो. इथे जिवंतपणाचं सोंग घेतलेलं खरोखरीचं मढं आहे.

भयपटांबद्दल लिहिताना या सदरात मी बहुतेकदा कथेच्या नावाने खडे फोडतो. स्टॉप मोशनच्या भयलघुपटांपुढे ती सोय नाही, कारण त्यांत कथा नावापुरती असते आणि संवाद बऱ्याचदा नसतातच. तरीही अशी दहा मिनिटांची फिल्म दोन तासांच्या भयपटापेक्षा जास्त दिवस मानगुटीवर बसते. दचकवणारा आवाज नाही, आरशात मागे उभी राहणारी बाई नाही, आणि तरी आपण ती पुन्हा लावतो. माझ्या मते तिथली भीती बाहुलीच्या चेहऱ्यात नसते, तिला हलवणाऱ्या हातात असते. आणि तो हात आपल्याला कधीच दाखवला जात नाही.

हिशेब करून पाहू. सेकंदाला चोवीस फ्रेम. बरेच ॲनिमेटर एक स्थिती दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा स्थिती. दहा मिनिटांच्या फिल्मच्या १४,४०० फ्रेम होतात, आणि त्यासाठी ७,२०० वेळा बाहुलीला हात लावावा लागतो. दर दोन स्थितींच्या मध्ये कुणीतरी सेटवर वाकतं, मान किंचित वळवतं, बोट काढून घेतं, मागे सरतं, आणि मग फ्रेम टिपली जाते. बाहुली खरोखर हलते तेव्हा कॅमेरा मिटलेला असतो, आणि कॅमेरा पाहतो तेव्हा ती ठार स्थिर असते. आपल्याला दिसलेली हालचाल कुठल्याच क्षणी घडलेली नसते.

हे डोक्याला समजायच्या आधी डोळ्याला समजतं. जिवंत माणसाने झपकन हात फिरवला तर फ्रेममध्ये तो पुसट उमटतो. बाहुलीचा हात मात्र प्रत्येक फ्रेममध्ये कोरून काढल्यासारखा स्पष्ट. म्हणून ती चाल तुटक, जराशी थरथरती दिसते. १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेअर’साठी फिल टिपेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय केला: फ्रेम टिपली जात असतानाच यंत्राने बाहुली जरा हलवायची, म्हणजे पुसटपणा आपोआप येतो. ड्रॅगन जास्त खरा दिसला, यात शंका नाही. भयकथेला मात्र त्यांनी दुरुस्त केलेला तो दोषच हवा असतो.

यंत्रमानवांवर काम करणारे जपानी प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक छोटा लेख लिहिला. एखादी वस्तू माणसासारखी दिसू लागली की ती आपल्याला आवडत जाते, पण अगदी माणसाच्या जवळ पोचता पोचता एकदम शिसारी येते, हे त्यांचं म्हणणं. आवडीच्या आलेखात तिथे घळ पडते, आणि तिच्या तळाशी त्यांनी प्रेत ठेवलं. हालचाल आली की घळ आणखी खोल होते, म्हणून त्याच्याही खाली चालतं प्रेत. एवढं सगळेच सांगतात. पण घळ ओलांडून पलीकडच्या चढावर मोरींनी बुनराकूची बाहुली ठेवली आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. या जपानी नाट्यप्रकारात एक मोठी बाहुली तिघे मिळून चालवतात, आणि ते तिघे रंगमंचावर सगळ्यांसमोर उभे असतात. मोरी त्याचं श्रेय खेळात रंगून जाण्याला देतात. मला वाटतं, चालवणारे दिसतात म्हणूनच ती बाहुली अंगावर येत नाही.

पुराव्यासाठी जपानला जायची गरज नाही. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्याशी त्यांचा बाहुला अर्धवटराव हुज्जत घालतो तेव्हा पोरं खिदळतात. त्याच पाध्यांनी हलवलेला तात्या विंचू १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये पडद्यावर एकटा अवतरला, आणि एक अख्खी मराठी पिढी कपाटावरच्या बाहुलीकडे पाठ करून झोपेनाशी झाली. कसब एका घरचं. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी पाध्ये फ्रेमबाहेर गेले. ‘झपाटलेला’ काही स्टॉप मोशन नव्हे, पण स्टॉप मोशन म्हणजे हीच युक्ती शेवटच्या टोकाला नेलेली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहून कुणी घाबरल्याचं ऐकलं आहे? दोरे दिसतात, खेळ करणाऱ्याचा आवाज कानावर पडत असतो. घाबरायचं कुणाला?

आता पॉल बेरी यांचा ‘द सँडमॅन’ (१९९१) घ्या. एक मुलगा दिवा घेऊन जिना चढून झोपायला जातो. त्याच्या मागोमाग चंद्रकोरीच्या चेहऱ्याचा, पक्ष्यासारखा कुणीतरी येतो. जेमतेम दहा मिनिटांची फिल्म, आणि तिचा बराच भाग तो जिना आणि ती खोली. शेवटी मुलाच्या डोळ्यांचं काय होतं ते इथे सांगत नाही. ज्यांनी पाहिली आहे त्यांना घरट्यातली पिल्लं आठवत असतील. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेल्या या फिल्मची मूळ गोष्ट ई. टी. ए. हॉफमन यांची, १८१६ सालची. याच गोष्टीवर सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ मध्ये भयाची आपली मीमांसा उभी केली. त्यांच्या आधी, १९०६ मध्ये, एर्न्स्ट येन्च नावाच्या डॉक्टरांनी सोपं कारण दिलं होतं: समोरची वस्तू सजीव की निर्जीव याचा निकाल लागत नाही, म्हणून अंगावर काटा येतो. फ्रॉइडना ते अपुरं वाटलं. त्यांनी सगळा भर डोळे जाण्याच्या भीतीवर दिला आणि तिथून ते त्यांच्या लाडक्या विषयाकडे वळले. बेरींची फिल्म पाहताना मला येन्च जास्त पटतात, एका दुरुस्तीसह. बाहुली निर्जीव आहे याबद्दल आपल्या डोक्यात तिळमात्र शंका नसते. शंका डोळ्याला येत राहते, आणि डोळा डोक्याचं ऐकत नाही.

या प्रांताचा राजा मात्र प्रागचा. यान श्वांकमायर यांचा जन्म १९३४ चा. त्यांच्या फिल्ममध्ये भुतं जवळजवळ नाहीतच. चमचे आहेत, जुने बूट आहेत, मटणाचे तुकडे आहेत, मऊ माती आहे. १९६८ च्या ‘फ्लॅट’मध्ये एक माणूस एका खोलीत अडकतो आणि खोलीतली प्रत्येक वस्तू त्याच्याशी वैर धरते, सूप प्यायला घेतलेल्या चमच्याला भोकं आहेत. साल लक्षात घेतलं की राजकीय अर्थ शोधायचा मोह होतो. मी म्हणेन, आधी चमच्याची भीती अनुभवा, प्रागमध्ये शिरलेले सोव्हिएत रणगाडे नंतर आठवा. सत्तरच्या दशकात सरकारने त्यांचं फिल्म बनवणं बरीच वर्षं बंद पाडलं, तेव्हा हा माणूस घरी बसून स्पर्शाचे प्रयोग करत होता: डोळ्यांनी नव्हे, तर बोटांनी पाहायच्या कलाकृती. बंदी उठल्यावर आलेल्या ‘संवादाच्या शक्यता’ (१९८२) या फिल्ममध्ये ते प्रयोग झिरपलेले दिसतात. भाज्या-फळांचं डोकं, भांड्याकुंड्यांचं डोकं आणि कागद-पुस्तकांचं डोकं एकमेकांना गिळतात, चावतात, ओकतात. दर खेपेला भुगा बारीक होत जातो आणि शेवटी मातीची गुळगुळीत, एकसारखी माणसांची डोकी उरतात. दुसऱ्या भागात मातीचे स्त्री-पुरुष एकमेकांत इतके मिसळतात की कोण कुठे संपतं कळत नाही. मग दोघांमध्ये मातीचा एक छोटा गोळा उरतो, नकोसा. तो तिच्याकडे जातो, ती ढकलते. त्याच्याकडे जातो, तो ढकलतो. शेवटी तीच माणसं नखांनी एकमेकांचे चेहरे ओरबाडतात. त्या ओरबाड्यांकडे नीट पाहा. ते खऱ्या बोटांचे आहेत. मातीच्या बाईने मातीच्या पुरुषाचा गाल फाडलेला नाही. तो फाडलाय पडद्यावर कधीच न आलेल्या कुणीतरी. बर्लिन महोत्सवाने १९८३ मध्ये या फिल्मला लघुपटाचं गोल्डन बेअर दिलं. मायदेशी कम्युनिस्ट पक्षाच्या समितीला मात्र ती ‘असं करू नये’ याचा नमुना म्हणून दाखवली गेली. समितीवरच्या लोकांचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. ते घाबरले असणार.

त्यांचीच ‘तळघरात’ (१९८३) मुलांच्या भीतीवरची सर्वांत खरी फिल्म असं मी बेधडक म्हणतो. एक लहान मुलगी बटाटे आणायला इमारतीच्या तळघरात जाते. एवढीच गोष्ट. खाली एक म्हातारा कोळशाच्या ढिगात अंथरूण करून पडलाय, एक बाई कोळशाच्या भुकटीच्या वड्या भाजतेय. मुलीचं तोंड, तिचे हात खरे. भोवतालच्या वस्तू फ्रेमफ्रेमने चालणाऱ्या. दोन वेगळे काळ एकाच खोलीत.

क्वे बंधूंच्या ‘स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स’मध्ये (१९८६) तर हाताचं हे प्रकरण उघडच मांडलंय. सुरुवातीला एक जिवंत माणूस जुन्या यंत्राजवळ येतो आणि बाहुल्याची दोरी कात्रीने कापतो. त्यानंतर बाहुला स्वतंत्र होतो, म्हणजे आपल्याला तसं वाटतं. लाकडी जमिनीतले स्क्रू आपणहून फिरत वर येतात. धूळ एवढी, की नाकात गेल्यासारखी वाटते. ब्रुनो शुल्झ यांच्या लेखनावर बेतलेली ही फिल्म कुठल्याच क्षणी किंचाळत नाही. स्क्रू फिरतो तेव्हा मात्र पाय आपोआप खुर्चीवर जातात.

हाताच्या खुणा ठेवाव्यात की पुसाव्यात, या भांडणाकडे आता वळतो. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये काँगच्या अंगावरची फर सतत थरथरत असते. ॲनिमेटरची बोटं दर फ्रेमला तिच्यात रुतत, त्यांचे ते ठसे. दोष होता, पण जनावर चिडल्यासारखं दिसलं. आज चेहरे थ्री-डी प्रिंटरवर छापले जातात. २००९ च्या ‘कोरलाइन’पासून ही पद्धत मोठ्या स्टुडिओंमध्ये रुळली, आणि भाव इतके मऊसूत बदलतात की संगणकाचं काम वाटावं. ‘कोरलाइन’ मला आवडते, बटणाचे डोळे विसरता येत नाहीत. पण जसजशी ही कला गुळगुळीत होते तसतशी तिची दहशत जाते. दुसऱ्या टोकाला, चार शब्द लिहिले की तयार होणारी ‘स्टॉप मोशनसारखी’ चित्रफीत: थरथर आहे, बोट नाही. कोऱ्या भिंतीवर छापलेला ओलीचा डाग. मला तिची भीती वाटत नाही, कंटाळा येतो.

बोट कुठपर्यंत पोचू शकतं हे पाहायचं तर चिलीच्या क्रिस्तोबाल लेओन आणि होआकिन कोसिन्या यांची ‘लोस वेसोस’, म्हणजे ‘हाडं’, पाहावी. २०२१ ची ही चौदा मिनिटांची फिल्म स्वतःला १९०१ सालची, जगातली पहिली स्टॉप मोशन फिल्म म्हणवते, अर्थातच खोटं. एक मुलगी मंत्र घालून दोन प्रेतं उठवते. एक एकोणिसाव्या शतकातला सत्ताधीश दिएगो पोर्तालेस, दुसरा हुकूमशहा पिनोचेतच्या १९८० च्या राज्यघटनेचा शिल्पकार हाइमे गुस्मान. चिलीत नवी घटना लिहिण्याचं काम चाललं होतं तेव्हाची ही फिल्म. मढी उठवायचं तंत्र मढी उठवायलाच वापरलं. स्तारेविचला आवडलं असतं.

हे सगळं लघुपटातच का जमतं? एक तर पैसा आणि कंबर दोन्ही तेवढ्यातच पुरतात. शिवाय दहा मिनिटांत खुलासा करायला वेळ नसतो, आणि खुलासा झाला की हात दिसतो. रॉबर्ट मॉर्गन यांची संवाद नसलेली ‘बॉबी येह’ (२०११) काहीही समजावत नाही. पुढे त्यांनीच ‘स्टॉपमोशन’ (२०२३) हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यात ॲनिमेटर आईचे हात संधिवाताने गेलेत आणि मुलगी तिचे हात झालीय. कल्पना उत्तम, पण दीड तासात मानसिक कारणं इतकी जमतात की बाहुल्या बापड्या उरतात.

दादासाहेब फाळके यांना हात लपवणं चांगलं माहीत होतं. ते ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोग करत. पहिल्या कथापटाच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. तिथे लपला होता वेळ. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या आपणहून हलू लागल्या, तिथे लपला हात. ती मौजच होती, भय नव्हतं. पण काडीने एकदा मान वळवली की पुढचं अंतर फार नाही.

म्हणून एक मागणी. मुंबईत १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी ‘मिफ’ हा महोत्सव भरतो. पुढच्या खेपेला त्यात रात्री साडेदहाचा एकच खेळ या फिल्मना द्यावा. सुरुवात ‘कॅमेरामनचा सूड’ने, म्हणजे लोक हसत बसतील. मग ‘द सँडमॅन’, ‘तळघरात’, ‘स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स’, ‘हाडं’. ‘बॉबी येह’ अगदी शेवटी ठेवा, आणि मध्यंतर नको. बटाटेवडा खाऊन ती बघण्याचा सल्ला मी माझ्या संपादकांनाही देणार नाही.