विद्युतअग्र आणि ते हाताळणारे हात

काही वस्तू पुस्तकात एका नावाने राहतात आणि व्यवहारात निराळ्याच नावांनी वावरतात. विद्युतअग्र ही अशीच एक वस्तू आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ते द्रावणात बुडवलेल्या दोन कांड्यांच्या आकृतीत भेटते. वेल्डिंगच्या कारखान्यात त्याला रॉड म्हणतात. रुग्णालयात ती छातीवर चिकटवायची एक चकती असते. घराच्या आवारात मीठ व कोळसा घालून पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला आपण अर्थिंग म्हणून ओळखतो. नावे वेगवेगळी असली, तरी या सर्व वस्तूंचे कार्य तत्त्वतः एकच आहे. हे एकत्व आपल्या सहसा ध्यानात येत नाही. त्याचे कारण विद्युतशास्त्रात नसून आपल्या शिक्षणाच्या रीतीत आहे, असे मला वाटते. विद्युतअग्राची व्याख्या जो शिकतो, त्याच्या हाती ते क्वचितच येते. आणि ज्याच्या हाती ते रोज असते, त्याला त्याची व्याख्या कोणी सांगत नाही. ही फारकत केवळ खेदाची नाही, तर धोक्याची आहे.

प्रथम विद्युतअग्र म्हणजे काय, ते पाहू. तांब्याच्या तारेतून वीज वाहते, तेव्हा धातूतील इलेक्ट्रॉन पुढे सरकत असतात. खाऱ्या पाण्यात, वितळलेल्या क्षारात किंवा माणसाच्या शरीरात मात्र इलेक्ट्रॉनांना असा मोकळा संचार नसतो. तेथे विद्युतभार वाहण्याचे काम आयन करतात. मग तारेतून आलेली वीज पाण्यात शिरते कशी? या दोन प्रदेशांच्या सीमेवर जो वाहक उभा असतो, त्यालाच विद्युतअग्र म्हणतात. एका राज्याचे नाणे दुसऱ्या राज्यात चालत नसेल, तर सीमेवर ते बदलून घ्यावे लागते. तसाच व्यवहार येथे चालतो. एका अग्रावर पदार्थ इलेक्ट्रॉन देतो आणि दुसऱ्या अग्रावर पदार्थ इलेक्ट्रॉन घेतो. म्हणूनच धातू जमणे, वायू सुटणे, झीज होणे या सर्व घडामोडी या सीमेवरच होतात. वेल्डिंगमध्ये पलीकडचा प्रदेश तप्त वायूचा असतो, तर अर्थिंगमध्ये ओलसर मातीचा. परंतु सीमारक्षकाची भूमिका बदलत नाही.

या संकल्पनेला नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचे चरित्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. मायकेल फॅरडे यांचा जन्म १७९१ साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी झाला. त्यांचे शालेय शिक्षण जुजबीच होते. वयाच्या चौदाव्या वर्षी ते लंडनमधील एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागले आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचून त्यांनी विद्युतशास्त्राशी व रसायनशास्त्राशी ओळख करून घेतली. १८१३ साली ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांचे साहाय्यक झाले. द्रावणातून वीज सोडल्यावर किती पदार्थ सुटा होतो, याचे नियम त्यांनी पुढे शोधून काढले. ते मांडताना त्यांना प्रचलित ‘ध्रुव’ हा शब्द खटकू लागला. कारण त्यातून ही टोके चुंबकाप्रमाणे पदार्थाला ओढून घेतात, असा समज होत असे. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांचा सल्ला घेऊन १८३४ साली त्यांनी इलेक्ट्रोड, ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द वापरात आणले. इलेक्ट्रोड या शब्दाचा अर्थ ‘विजेची वाट’ असा होतो. हाताने उपकरण घडवणारा आणि त्याच उपकरणासाठी अचूक शब्द शोधणारा माणूस येथे एकच होता. ज्या शब्दाच्या जन्मात हात आणि बुद्धी यांचा असा संगम झाला, त्याची आज आपण दोन वर्गांत वाटणी करून टाकली आहे.

या वाटणीचे परिणाम समजण्यासाठी काही क्षेत्रांकडे पाहू. ॲल्युमिनिअमचेच उदाहरण घ्या. हा धातू भूपृष्ठात विपुल असूनही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दुर्मीळ मानला जाई. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे त्याच्या विद्युत अपघटनाची रीत शोधली. ओडिशातील अंगुल, छत्तीसगडमधील कोरबा, उत्तर प्रदेशातील रेणुकूट येथील कारखाने आजही त्याच तत्त्वावर चालतात. सुमारे ९६० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवतात आणि त्यातून वीज सोडतात. तळाशी ॲल्युमिनिअम जमते. वरच्या कार्बनच्या धनाग्राशी ऑक्सिजनचा संयोग होऊन ते झिजत जाते आणि काही आठवड्यांत बदलावे लागते. येथे विद्युतअग्र केवळ वाट दाखवीत नाही, ते स्वतः खर्ची पडते. कुंडातील ॲल्युमिना फार कमी झाले, तर धनाग्रापाशी वायूचा थर साचतो, विद्युतदाब एकाएकी वाढतो आणि हवामानाला अत्यंत घातक असे फ्लोरिनयुक्त वायू बाहेर पडतात. हे का घडते, याची जाण ज्या कामगाराला आहे, तो केवळ धोक्याची घंटा वाजण्याची वाट पाहत बसत नाही.

वेल्डिंगची गोष्ट त्याहून अधिक परिचयाची आहे. रॉडचे टोक आणि लोखंड यांच्या दरम्यान हजारो अंश तापमानाची प्रखर ज्योत पेटते. रॉडच्या गाभ्यातील तार वितळून सांध्यात उतरते. तिच्यावरील लेप जळून वायूचे आवरण तयार होते आणि वर मळीचा थर बसतो. त्यामुळे तप्त धातूला हवेची बाधा होत नाही. महत्त्वाच्या सांध्यांसाठी वापरावयाचे काही रॉड आधी भट्टीत सुकवावे, असा नियम आहे. घाईच्या वेळी सर्वप्रथम मोडला जातो तो हाच नियम; कारण दमट रॉडनेही ज्योत पेटतेच आणि सांधाही वरून चांगला दिसतो. परंतु लेपातील ओलाव्याचे विघटन होऊन हायड्रोजन तप्त पोलादात शिरतो आणि काम संपल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, सांधा आतून तडकू शकतो. तो सांधा पुलाचा असेल किंवा बाष्पकाचा असेल, तर त्याची किंमत कोण मोजणार? ‘रॉड सुकवा’ एवढीच आज्ञा ज्याला मिळाली, तो तिला एक कटकट समजतो. हायड्रोजनची करामत ज्याला समजली, तो तिला आपल्या कौशल्याचा भाग मानतो.

रुग्णालयात तर विद्युतअग्राचा संबंध थेट प्राणांशी येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उमटणाऱ्या विद्युतलहरी त्वचेवर व्होल्टच्या हजाराव्या भागाइतक्या क्षीण असतात. नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या नोंदवणारे संवेदनक्षम यंत्र सिद्ध केले. त्यासाठी रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवावे लागत. या कार्याबद्दल त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हातापायांवर चार आणि छातीवर सहा अशी दहा विद्युतअग्रे लावून बारा आलेख मिळवतात. छातीवरील पहिल्या अग्राची जागा उरोस्थीच्या उजव्या कडेला, चौथ्या आणि पाचव्या बरगड्यांच्या मधल्या फटीत असते. ते वर सरकले, किंवा दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तर निरोगी हृदयाचा आलेखही रोगट भासू शकतो. आलेख वाचणारा डॉक्टर कितीही निष्णात असला, तरी चकत्या नेमक्या कोठे लावल्या होत्या, हे त्याला कागदावरून नेहमीच ओळखता येत नाही. तपासणीची विश्वासार्हता अशा वेळी सर्वस्वी तंत्रज्ञाच्या बोटांवर अवलंबून असते.

शेतीतही हेच दिसते. मातीचा सामू मोजण्याच्या उपकरणात काचेच्या पातळ पडद्याचे एक विद्युतअग्र असते. ते कोरडे पडू देता येत नाही आणि ज्ञात सामू असलेल्या द्रावणांशी वेळोवेळी त्याची पडताळणी करावी लागते. याकडे दुर्लक्ष झाले, तरी यंत्र आकडा दाखवितच राहते. फक्त तो आकडा खोटा असतो. त्यावर विसंबून शेतकरी आपल्या जमिनीत चुना घालावा की जिप्सम, हे ठरवतो. चूक प्रयोगशाळेत होते आणि नुकसान मात्र शेतात सोसावे लागते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, प्रत्येक कारागिराला सिद्धांत शिकवण्याची गरज काय? नियम पाळले की काम भागते. शिवाय प्रशिक्षणाचा काळ मर्यादित असतो. या आक्षेपात तथ्य नाही, असे नाही. केवळ सिद्धांत जाणणाऱ्याला सरळ सांधा जोडता येत नाही. हाताचा सराव हाच कारागिरीचा पाया आहे. परंतु नियम नेहमीच्या परिस्थितीसाठी लिहिलेले असतात, आणि कारागिराची गाठ पडते ती बदलत्या परिस्थितीशी. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे, हा नियम पाठ असलेला माणूस पावसाळा लांबला तर नियमाकडेच पाहत बसेल. ओलाव्यामुळे मातीतील क्षारांचे आयन मोकळे होतात आणि विजेला वाट मिळते, हे ज्याला ठाऊक आहे, तो दिनदर्शिका न पाहता माती पाहील. कारण कळले म्हणजे नियम लक्षात ठेवावा लागत नाही. तो आपोआप सुचतो.

पुढील काळात ही गरज वाढणारच आहे. १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी आज भ्रमणध्वनीपासून वाहनांपर्यंत सर्वत्र पोहोचली आहे. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. हिचे मर्मही विद्युतअग्रांतच आहे. बॅटरी वापरताना जे अग्र लिथियमचे आयन सोडते, तेच भारित होताना त्यांचा स्वीकार करते. भारण वाजवीपेक्षा जलद झाले, तर ग्रॅफाइटच्या पृष्ठावर लिथियम धातूचे सुईसारखे अंकुर फुटू शकतात. ते मधला पडदा भेदून आग लावू शकतात. विजेवर चालणारी दुचाकी दुरुस्त करणाऱ्या गावोगावच्या तरुणाला हे ज्ञान नाकारणे आपल्याला परवडणारे नाही.

संशोधनाची सोय आपल्याकडे नाही, असेही नाही. तमिळनाडूतील कराईकुडी येथे १९४८ साली केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेची पायाभरणी झाली. कारागिरांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय योजना १९५० साली सुरू झाली. उणीव आहे ती या दोन टोकांना जोडणाऱ्या दुव्याची. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने निदान एकदा वेल्डिंगची कार्यशाळा पाहावी, आणि वेल्डिंग शिकणाऱ्याने निदान एकदा मिठाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून बुडबुडे पाहावेत. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. मुक्त विद्यालयात शैक्षणिक विषयांबरोबर व्यावसायिक विषयही घेता येतो. त्या संधीचे मोल या दृष्टीने ओळखले पाहिजे.

विद्युतअग्राचे कार्य दोन भिन्न प्रदेशांमध्ये वाट करून देण्याचे आहे. शिक्षणाचे कार्यही याहून वेगळे नाही. पुस्तकातील ज्ञान आणि हातातील कौशल्य यांच्या सीमेवर उभे राहून एकाचे नाणे दुसऱ्याच्या राज्यात चालते करून देणे, हे त्याने करावयाचे काम आहे. जोवर ते होत नाही, तोवर व्याख्या वहीत राहतील, रॉड कोपऱ्यात दमट होत राहतील आणि दोघांमधील अज्ञानाची किंमत भलताच कोणी मोजत राहील.