इंग्रजीचे व्याकरण आणि इंग्रजीचे सोवळे

परीक्षेतील उत्तर असो, नोकरीचा अर्ज असो की कचेरीतील टिपणी असो, इंग्रजी वाक्य लिहिताना मराठी माणसाचा हात अडखळतो. मनातला अर्थ कागदावर नीट उतरला की नाही, यापेक्षा एखादा नियम तर मोडला गेला नाही ना, याची धास्ती त्याला अधिक असते. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्या वेळी पहिलीत बसलेली मुले आज तिशी गाठून नोकरीधंद्याला लागली आहेत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकणाऱ्या त्यांच्या आजोबांना जी धास्ती वाटे तीच या पिढीलाही वाटावी, हे काही शिक्षणाचे यश म्हणता येणार नाही.

या धास्तीचे एक मोठे कारण असे, की इंग्रजी व्याकरण या एकाच नावाखाली आपण तीन निरनिराळ्या गोष्टी शिकवितो आणि तिन्हींसाठी सारखीच लाल शाई वापरतो. पहिली गोष्ट भाषेच्या रचनेची, दुसरी लेखनाच्या व छपाईच्या शिस्तीची आणि तिसरी केवळ सोवळ्याओवळ्याची. रचना चुकली तर वाक्यच बिघडते. शिस्त चुकली तर अर्थ संदिग्ध होऊ शकतो. सोवळे मोडले तर कोणाच्या तरी कपाळाला आठी पडते, इतकेच. हा भेद शिक्षकाला व विद्यार्थ्याला कळला, तर निम्मी धास्ती तेथेच संपावी.

रचनेचा नियम ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्यांची ती मातृभाषा आहे ते लोक तो नियम शाळेत न शिकताही पाळतात. इंग्लंडमधील पाच वर्षांचे मूल 'द हाउस'ऐवजी 'हाउस द' असे कधी म्हणत नाही. आपल्याकडे 'मी घरी जातो' हे वाक्य 'मी घरी जाते' असे मुलाच्या तोंडून आले तर अशिक्षित आजीही त्याला हटकते. तिने व्याकरणाचे पुस्तक पाहिलेले नसते. भाषेचे खरे नियम असे अंगी मुरलेले असतात. उलट, जो नियम खुद्द इंग्रजांच्याच मुलांना पिढ्यान् पिढ्या छड्या मारून शिकवावा लागला आणि तरीही त्यांच्या उत्तमोत्तम लेखकांनी जो पाळला नाही, तो भाषेचा नियम आहे की कोणाची आवड, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मराठी विद्यार्थी खरोखर अडखळतो तो रचनेच्या जागी, आणि त्याचे कारण त्याच्या मातृभाषेतच सापडते. मराठीत 'ए' आणि 'द' यांच्या जोडीची उपपदे नाहीत. म्हणून ती कोठे घालावीत हे त्याला उमगत नाही. 'दोन वर्षांपासून' आणि '२०२० पासून' या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच 'पासून' पुरते. इंग्रजीत मात्र कालावधी सांगताना 'फॉर' आणि आरंभ सांगताना 'सिन्स' लागते. त्यामुळे 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' असे वाक्य जन्माला येते. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'च्या पाठीमागे 'अबाउट' येऊन चिकटतो. लग्न अमुक एकाशी होते, म्हणून 'मॅरीड टू'चे 'मॅरीड विथ' होते. या चुका आळसाच्या नव्हेत. एका भाषेचा साचा दुसरीवर बसविल्याच्या आहेत. 'पासून'चा हा दुहेरी संसार शिक्षकाने एकदा फळ्यावर मांडून दाखविला, तर विद्यार्थी ती चूक सहसा पुन्हा करणार नाही. परंतु त्यासाठी इंग्रजीच्या शिक्षकाला मराठीचे व्याकरणही चांगले यावे लागते, आणि त्याबाबतीत आपण उदासीन आहोत.

आता सोवळ्याकडे वळू. वाक्याचा शेवट 'टू', 'विथ', 'ऑफ' अशा शब्दाने करू नये, हा नियम आपल्यापैकी अनेकांनी वेदवाक्यासारखा पाठ केलेला आहे. त्याचे मूळ सतराव्या शतकात आहे. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या लेखनातील अशा वाक्यांना नावे ठेवली आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातूनही ती काढून टाकली. लॅटिनमध्ये अशी रचना होत नाही आणि लॅटिन ही विद्वानांची भाषा, एवढा आधार त्या काळी पुरेसा होता. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ मध्ये इंग्रजीचे एक छोटेखानी व्याकरण लिहिले. त्यात त्यांनी ही रचना बोलण्यात व घरगुती शैलीत शोभते, गंभीर लेखनात दुसरी अधिक डौलदार दिसते, एवढेच मत मांडले होते. आणि ते मांडताना स्वतःच तशी रचना वापरली होती. नंतरच्या शालेय पुस्तकांनी मात्र या सौम्य शिफारशीचा हुकूम बनविला.

'लेस' आणि 'फ्यूअर' यांची कथाही अशीच आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्यांना 'लेस' हा भेद आज स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ठळक अक्षरांत छापलेला असतो. वस्तुतः मोजता येणाऱ्या गोष्टींसाठीही 'लेस' वापरण्याची रीत इंग्रजीत हजार वर्षांपूर्वीपासून आहे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आपल्याला अशा ठिकाणी 'फ्यूअर' अधिक बरे वाटते, असे नम्रपणे सुचविले. एका माणसाची ही आवड पुढे सर्वांचे कर्तव्य होऊन बसली.

क्रियापदाच्या 'टू' या रूपामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये, हा तिसरा दंडक. 'टू' आणि क्रियापद हे इंग्रजीत मुळातच दोन सुटे शब्द आहेत. मराठीतील 'जाणे' किंवा लॅटिनमधील तसले रूप एकसंध असल्यामुळे दुभंगत नाही, म्हणून इंग्रजीनेही दुभंगू नये, असे म्हणण्यात काय अर्थ? कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये या रचनेवर टीका केली आणि तेथून तिचा बाऊ वाढला. परंतु ज्यांचा शब्द इंग्रजी वापराबाबत पुढे प्रमाण मानला गेला त्या एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ मध्येच स्पष्ट केले, की संदिग्ध किंवा कृत्रिम वाक्य लिहिण्यापेक्षा दुभंगलेले रूप पत्करावे. 'ही डिसायडेड क्विकली टू रिटर्न द मनी' या वाक्यात निर्णय चटकन झाला की पैसे चटकन परत होणार, हे कळत नाही. 'टू क्विकली रिटर्न' म्हटले की शंका उरत नाही. कचेरीतल्या कारकुनाने येथे सोवळे सांभाळावे की अर्थ?

अर्थाची ही चाड जेथे सर्वांत जास्त लागते ती जागा विरामचिन्हांची. आपण मात्र विरामचिन्हांना व्याकरणाच्या पंगतीत शेवटचे पान वाढतो. याचे मोल अमेरिकेतील मेन राज्यात ओकहर्स्ट या दूध कंपनीला चांगलेच कळले. जादा कामाचा वाढीव मोबदला कोणाला द्यावा लागत नाही, याची यादी तेथील कायद्यात होती. नाशवंत मालावर प्रक्रिया करणे, तो साठविणे वगैरे कामे सांगून यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. आता याचा अर्थ 'रवानगीसाठी अथवा वितरणासाठी बांधणी' असे एकच काम, की 'रवानगीसाठी बांधणी' आणि 'वितरण' अशी दोन कामे? माल पोहोचविणाऱ्या चालकांचे म्हणणे असे, की आपण बांधणी करीत नाही, केवळ वितरण करतो, आणि वितरण हे या यादीतील वेगळे काम नाही. तेव्हा वाढीव मोबदला आम्हाला मिळालाच पाहिजे. खालच्या न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली होती. अपील न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये वाक्य संदिग्ध ठरविले आणि अशा संदिग्धतेचा फायदा कामगाराला मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. २०१८ मध्ये हा तंटा पन्नास लाख डॉलरांवर मिटला.

या प्रकरणातील खरी मौज पुढेच आहे. यादीतील शेवटच्या 'ऑर'पूर्वी स्वल्पविराम देऊ नये, असे त्या राज्याच्या विधेयके लिहिणाऱ्यांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेतच सांगितलेले होते. म्हणजे लेखनिकाने नियम मोडला नव्हता. त्याने तो इमानाने पाळला होता. हा स्वल्पविराम द्यावा असे ऑक्सफर्डचे छापखाने मानतात, म्हणून त्याला ऑक्सफर्डचेच नाव पडले आहे. अनेक वृत्तपत्रे तो देत नाहीत. दोन्ही पद्धती शिष्टसंमत आहेत. परंतु कोणतीही पद्धत पाळताना हे वाक्य दोन प्रकारे वाचता येईल काय, हा प्रश्न ज्याने विचारला नाही त्याचे नियमपालन व्यर्थ आहे. तेथील विधिमंडळाने नंतर ती यादी अर्धविरामांनी तोडून लिहिली आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' केले. उपाय एवढा साधा होता.

आपल्याला याचे नवल वाटू नये. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपल्या इतिहासात घर करून आहेच. एका अक्षराने अर्थ कसा पालटतो, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. जुन्या मोडी पत्रांत शब्द एका ओळीत सलग लिहिले जात आणि विरामचिन्हे नसत. आज मराठीत वापरात असलेली बहुतेक विरामचिन्हे इंग्रजीतून आली. ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे स्वल्पविरामाचा धडा मराठी वाक्यावर गिरवूनही इंग्रजीची तयारी होऊ शकते. हा दुवा आपल्या वर्गांत क्वचितच वापरला जातो.

शब्दांच्या बाबतीतही थोडा ताठा हवा. 'प्रीपोन' हा शब्द आपल्याकडे रुजला आणि आता ऑक्सफर्डच्या कोशांनीही त्याला जागा दिली आहे. 'पोस्टपोन'ला विरुद्धार्थी एकशब्दी पर्याय हवा ही गरज खरी होती, म्हणून तो टिकला. 'डू द नीडफुल' याची आज टिंगल होते. पण हा वाक्प्रचार एके काळी खुद्द इंग्रजांच्याच व्यापारी पत्रव्यवहारात होता. त्यांनी तो टाकला, आपण ठेवला. त्यात व्याकरणाचा दोष नाही. दोष असलाच तर हा, की नेमके काय करायचे ते त्यातून कळत नाही. आणि तो दोष मराठीतील 'योग्य ती कार्यवाही करावी' यालाही तितकाच लागू आहे.

यावर असा आक्षेप येईल, की ही ढिलाई एकदा सुरू झाली की कशालाच धरबंद राहणार नाही. शिवाय मुलाखत घेणारा जुन्या वळणाचा असेल तर उमेदवाराचे काय? आक्षेप रास्त आहे. समारंभाला जाताना आपण इस्त्रीचे कपडे घालतो, तसे अर्ज लिहिताना रूढ शिष्टाचार पाळावा, हे विद्यार्थ्याला जरूर सांगावे. परंतु हा शिष्टाचार आहे, हे सांगून सांगावे. कपडे चुरगळले म्हणून कोणी माणूस खोटा ठरत नाही. तसेच, वाक्य 'विथ'ने संपले म्हणून ज्याचे विधान अचूक आहे त्याचा गुण कापणे हा न्याय नव्हे. खेड्यातल्या शाळेतून आलेल्या मुलाला तर हा अन्याय दुप्पट भोवतो. मोठ्या शहरातील घरांत हे सोवळे कानांवरून जाते. त्याला ते पुस्तकातून, शिक्षेच्या धाकाने शिकावे लागते.

तेव्हा इंग्रजीच्या शिक्षकांनी आणि परीक्षकांनी लाल शाईचे टोपण उघडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. वाक्याची रचना मोडली आहे काय? अर्थ दोन प्रकारे लागतो काय? की केवळ आपल्याला शिकविलेले सोवळे विटाळले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर चूक कारणासह समजावून द्यावी. दुसऱ्याचे होय असेल तर वाक्य पुन्हा लिहावयास लावावे. तिसऱ्याचे होय असेल तर समासात सूचना लिहावी आणि गुण पुरे द्यावेत. विद्यार्थ्यानेही 'बरोबर कोणते?' एवढेच विचारून थांबू नये, 'का?' हा प्रश्न जोडावा. ज्या नियमाला त्याचे उत्तर देता येते, तो नियम धाकावाचूनही लक्षात राहतो.