गॅस संपत नाही, गळतो

मे महिना लागला की आमच्या नागपुरात गाड्यांच्या एसीची दुरुस्ती करणाऱ्या दुकानांपुढे गर्दी होते. पारा ४५ च्या घरात, मागच्या सीटवर आजी आणि नातवंडे, आणि एसीतून येते ती कोमट झुळूक. मग ठरलेले वाक्य कानी पडते, ‘साहेब, गॅस संपलाय, भरून देतो.’ पैसे दिले जातात, पंधरा दिवस गारवा मिळतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कधी तर गाडी गॅस घ्यायलाच तयार नसते. डबा अर्धा भरलेलाच राहतो, काटा मात्र भरपूर प्रेशर दाखवतो.

माझी तक्रार मुळात त्या ‘संपला’ या शब्दाबद्दल आहे. पेट्रोल संपते, कारण ते जळते. एसीतला गॅस जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, आणि डॅशबोर्डामागच्या कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडाफार झिरपतो, हे मान्य. पण एकाच उन्हाळ्यात दोनदा भरावा लागला, तर ती सरळसरळ गळती होय.

मग काटा खोटे बोलतो का? नाही, आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर निम्मा रिकामा झाला तरी शेगडीची ज्योत तेवढीच राहते. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर, प्रमाणावर नव्हे. म्हणून तर आपण सिलिंडर दारात वजन करून घेतो. गाडीतला आर-१३४ए हा गॅसही याच स्वभावाचा. एसी बंद असताना, ३० अंश तापमानाला, काटा सुमारे ९७ पाउंडांवर थांबणार. मग आत २०० ग्रॅम असो की ४५० ग्रॅम. गॅस काट्यावर नव्हे, वजनकाट्यावर भरायचा असतो. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

गाडी गॅस घेत नाही याची कारणेही गूढ नाहीत. गॅस फार कमी झाला की एक स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. कॉम्प्रेसर ओढत नाही, डब्यातला आणि नळ्यांतला दाब सारखा होतो आणि प्रवाह थांबतो. अशा वेळी काही ठिकाणी त्या स्विचला वायरचा तुकडा लावून कॉम्प्रेसर जबरदस्तीने फिरवतात. हा उद्योग महागात पडतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅससोबतच फिरते. गॅस नाही तर वंगण नाही. दुसरे कारण, आत राहिलेली हवा. ती द्रव होत नाही, कंडेन्सरमध्ये ठाण मांडून बसते आणि दाब फुगवते. हवेतली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठली, तर एसी थोडा वेळ गार, मग ठप्प. आणि गाडी हमरस्त्यावर गार पण सिग्नलला गरम होत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते पाहावे.

खरी रीत वेळखाऊ आहे. पंपाने निदान अर्धा तास व्हॅक्यूम ओढायचा, म्हणजे ओल वाफ होऊन निघून जाते. मग व्हॉल्व्ह बंद करून काटा परत चढतो का पाहायचे. चढला तर नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. तेलकट डाग दिसला तर बहुधा गळती तिथेच.

हे मिस्त्रीला ठाऊक नसते असे नाही. पण आपण गॅसचे पैसे मुकाट्याने देतो आणि गळती शोधण्याची मजुरी सांगितली की घासाघीस करतो. मग त्याने गॅसच विकावा, यात नवल काय?

गळलेला गॅस जातो कुठे, हेही पाहिले पाहिजे. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर खात होता. मोलिना आणि रोलँड यांनी १९७४ साली इशारा दिला, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला आणि १९९२ साली भारतही त्यात आला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट उष्णता अडवतो. एका गाडीतला अर्धा किलो हवेत गेला, तर ते जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे झाले! अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ साली किगालीत ठराव झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. पण कराराचा मजकूर आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत चालत येत नाही. तिथे आपणच विचारायचे असते. किती ग्रॅम काढला, किती ग्रॅम भरला, व्हॅक्यूम किती वेळ टिकला, हे बिलावर लिहून मागावे.

गाडीत कोणता गॅस आणि किती ग्रॅम लागतो, ते सहसा बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. चार-दोन सर्व्हिसिंगनंतर ती पट्टी पुसट होते. आजच बॉनेट उघडून तो आकडा वहीत उतरवून ठेवा.