फुले कुटुंबाचा धंदा आणि आपला पैसा

हंटर आयोगापुढे १८८२ साली जोतीरावांनी दिलेले निवेदन आपल्या चळवळीतील बहुतेक वक्त्यांना तोंडपाठ असते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, खालच्या जातींच्या मुलांकडे आधी लक्ष द्या, या मागण्या दरवर्षी ११ एप्रिलच्या व्यासपीठावरून आपण ऐकतो. पण त्या निवेदनाच्या तळाशी, सहीखाली, त्यांनी स्वतःची ओळख काय लिहिली आहे इकडे फारसे कोणी बघत नाही. तेथे समाजसुधारक लिहिलेले नाही, शिक्षणतज्ज्ञही लिहिलेले नाही. व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य, पेठ जुना गंज, पुणे, अशी ती ओळख आहे. पहिलाच शब्द व्यापारी!

हा शब्द आपण का विसरलो? आपल्या मनात धंद्याविषयी एक अढी आहे. धंदा म्हणजे शेटजी, आणि शेटजी म्हणजे भटजीचा भाऊ, असे समीकरण आपण करून ठेवले. त्यामुळे राष्ट्रपिता जोतीराव फुले हे यशस्वी ठेकेदार होते, हे सांगताना आपल्याच कार्यकर्त्याची जीभ अडखळते. वास्तविक हे घराणेच उद्योगी. मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात आले, पेशव्यांना फुले पुरवू लागले आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीरावांचे वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यापार करीत. १८४९ मध्ये सनातन्यांच्या दडपणाखाली याच वडिलांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले, तेव्हा त्या दोघांना आसरा दिला तो उस्मान शेख यांच्या घराने.

पुढे जोतीरावांनी काय काय केले पाहा. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकान काढले. शेती केली, भाजीपाल्याचा व्यापार केला. 'पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'च्या मार्फत बांधकामाचे ठेके घेतले. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरविण्याचे काम त्यांच्याकडे होते, येरवड्याच्या पुलाचेही होते. खाणीवरचा मजूर, बैलगाडीवाला, गवंडी यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. सरकारी इंजिनिअर खात्यातील कारकून मजुरांची हजेरी कशी मारतात, बिलात कसा हात मारतात हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, डोळ्यांनी बघितले होते. त्या लबाडीवर त्यांनी पद्यरचनाही केली. ठेकेदार असून ठेकेदारीतल्या चोरीवर जाहीरपणे लिहिणारा माणूस! आज असा एक तरी दाखवा.

आता पैसा कोठे गेला ते बघू. सुरुवातीच्या शाळांना दक्षिणा फंडातून मदत मिळाली, युरोपियनांच्या देणग्या मिळाल्या, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु १८५७ च्या उठावानंतर ते देणगीदार आटले. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले ते जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या स्वतःच्या घरात. त्यांच्याच १८८४ च्या टिपणाप्रमाणे तोवर ३५ विधवा तेथे बाळंत होऊन गेल्या. त्या विधवा ब्राह्मणांच्या घरच्या होत्या. त्यांचे अंथरूण, बाळंतपणाचा खर्च, औषधपाणी कोणी केले? धंदा करणाऱ्या माळ्याने आणि त्याच्या बायकोने केले. १८६८ मध्ये घरातला हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीच्या अनाथाश्रमात मुलांना जेवू घालण्याचे काम झाले, त्यात सावित्रीबाई पुढे होत्या. १८८० मध्ये व्हाईसरॉय लिटनच्या स्वागतावर पुणे नगरपालिका हजार रुपये उधळायला निघाली, तेव्हा ३२ सदस्यांत विरोधाचा हात एकट्या जोतीरावांचा होता. सरकारी ठेके घेणाऱ्याने सरकारच्या सर्वांत मोठ्या साहेबाच्या स्वागताला विरोध केला, याचा अर्थ आपल्या आजच्या ठेकेदारांनी नीट समजून घ्यावा.

या लेखकाचा पेशा वकिलीचा असल्याने जोतीरावांचे मृत्युपत्र त्याला विशेष महत्त्वाचे वाटते. १८७४ मध्ये या दांपत्याने काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. त्या काळच्या हिंदू कायद्यात भिन्न जातीच्या मुलाचे दत्तकविधान टिकणे कठीण होते आणि भाऊबंद टपलेले होते. (दत्तकाला जातीची अट नसलेला कायदा यायला १९५६ साल उजाडावे लागले, आणि त्यामागे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलाची लढाई होती.) म्हणून १८८७ मध्ये जोतीरावांनी रीतसर मृत्युपत्र करून त्याची नोंदणी केली आणि मिळकत यशवंताच्या व सावित्रीबाईंच्या हाती राहील असे बघितले. यशवंत नालायक निघाला तर सत्यशोधक समाजाच्या सभासदांनी बहुमताने शूद्रांतला दुसरा लायक मुलगा निवडावा, अशीही तरतूद केली. म्हणजे घरच्या वारशाचा अंतिम निर्णय रक्ताकडे ठेवला नाही, संघटनेकडे ठेवला!

तरीही पुढे जे झाले ते सांगितलेच पाहिजे. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेली. डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. धंदा बसला, घरात चणचण आली, इतकी की मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी शब्द टाकावा लागला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तेव्हा भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर झालेल्या यशवंताने हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. १९०५ मध्ये यशवंतही गेला. त्यानंतर गंज पेठेतले घरसुद्धा कुटुंबाच्या हातात राहिले नाही. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे आणि आपण तेथे हार घालतो.

अर्धे शतक समाजाला पोसणारे घर दोन पिढ्यांत रिकामे झाले. याचा दोष सनातन्यांना देऊन मोकळे होता येईल, पण ते अर्धसत्य ठरेल. सत्यशोधक समाजात पैसेवाले नव्हते काय? मुंबईत मोठमोठ्या इमारती बांधणारे तेलुगू भाषक ठेकेदार समाजाचे सभासद होते. लोखंडे यांनी १८८० पासून 'दीनबंधू' मुंबईतून चालविला तो अशाच मंडळींच्या आधाराने. परंतु एखादा कायम निधी नव्हता. सगळे कुटुंबाच्या खिशातून चालले, आणि खिसा संपला तेव्हा काम थांबले.

बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले ते केवळ विचारांपुरते नव्हते. धंद्याची वाट त्यांनीही चोखाळून पाहिली होती. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. मात्र १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली ती नोंदणीकृत संस्था म्हणून. सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये निघाले, तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद १९५० मध्ये. विश्वस्तांचे वाद पुढे किती वर्षे चालले ते आपण जाणतो, त्याची लाजही वाटते. पण वाद होऊनही वर्ग भरत राहिले, पोरे शिकत राहिली. जे कुटुंबाच्या खिशाने साधले नसते ते नोंदणीच्या कागदाने साधले.

आज आपल्या समाजात कारखानदार आहेत, बिल्डर आहेत, पेट्रोल पंपवाले आहेत. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर निघाले. २०१२ च्या केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के हिस्सा लिहिलेला आहे. तो मिळत नाही म्हणून भांडले पाहिजे, कोर्टात गेले पाहिजे, माहितीच्या अधिकारात आकडे मागितले पाहिजेत. भांडण चालू राहील. पण ज्यांच्याकडे आज चार पैसे आहेत ते ते कसे खर्च करतात? जयंतीला डीजे, चौकात स्वतःच्या फोटोचा फलक, विहाराच्या पायरीवर नाव कोरलेला संगमरवर. दान दिले नाही असे नाही, पण ते दान एका रात्रीत फुटते. काही कुटुंबे दरवर्षी चार मुलांची फी भरतात, त्यांना वंदन. शेठ गेल्यावर मात्र सूनबाई म्हणते, सासऱ्यांचे ते सासऱ्यांबरोबर. त्या सूनबाईचाही दोष नाही, कारण कागदावर काहीच नाही.

कायद्याने हे अवघड नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे. विश्वस्तपत्र करायचे, मूळ निधी ठेवायचा, त्याच्या उत्पन्नातूनच शिष्यवृत्ती द्यायची. विश्वस्तांत निम्मी माणसे घराबाहेरची, किमान दोन महिला, आणि एक तरी पूर्वी शिष्यवृत्ती घेतलेला विद्यार्थी असावा. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट वेळेत दाखल करायचा. आपल्या संस्थांची निम्मी भांडणे या एका आळसातून होतात. आणि कारखान्यातल्या मजुराचा प्रॉव्हिडंट फंड आधी भरायचा, मगच शिष्यवृत्तीचे बोलायचे. मजुराचा पैसा बुडवून केलेल्या दानाची हजेरी जोतीरावांनी कशी घेतली असती, ते त्यांचे लिखाण वाचणाऱ्यांना सांगायला नको.

चळवळीतली वकील मंडळी अशा विश्वस्तपत्राचा मसुदा एक पैसा न घेता करून देतील. स्टॅम्प आणि नोंदणीची फी तेवढी शेठने भरावी.