वाळवंटातील अग्रशाळा

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की तेथील माणसाला घरात राहवत नाही. मोटारीत चार कपडे आणि पाण्याच्या बाटल्या टाकून तो एकटाच पश्चिमेकडील वाळवंटाच्या वाटेला लागतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेल्या आमच्या गोमंतकीय तरुणांनाही हा छंद जडला आहे. परतल्यावर ते जे सांगतात त्यात उजाड डोंगरांचे बदलते रंग असतात, रात्रीच्या आकाशातले तारे असतात, आणि एक वाक्य हटकून असते : नेवाडात कॅसिनोच्या हॉटेलात उतरलो, खोली थंडगार आणि फार स्वस्त होती.

या स्वस्ताईचे नवल वाटायला हवे. ज्या मुलखात वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, जेथे भाजीपाला, दूध, मांस सारे शेकडो किलोमीटरवरून आणावे लागते आणि भर दुपारी यंत्राने हवा थंड केल्यावाचून माणूस तग धरू शकत नाही, तेथे खोली महाग असायला हवी. ती स्वस्त असते याचे कारण एवढेच की तेथे खोली हा विक्रीचा माल नव्हेच. खोली हे आमिष आहे. माल खालच्या दालनात मांडलेला असतो.

लॉस एंजल्सहून लास वेगसला जाणारा महामार्ग सुमारे साडेचारशे किलोमीटरचा. बार्स्टो मागे पडले की मोहावीचे वाळवंट अंगावर येते. बेकर नावाच्या लहानशा वस्तीत १३४ फूट उंचीचा तापमापक १९९१ मध्ये उभारण्यात आला. जवळच्याच डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदल्या गेलेल्या १३४ अंश फॅरनहाइटचे, म्हणजे ५६.७ अंश सेल्सिअसचे, ते स्मारक. उष्म्याचे स्मारक बांधणारी माणसे जगात दुसरीकडे क्वचितच सापडतील. पुढे तासभर गेल्यावर नेवाडाची सीमा येते, आणि सीमारेषा ओलांडताक्षणी, अक्षरशः तिच्या अंगालाच लागून, दिव्यांनी लखलखणाऱ्या हॉटेलांचा पुंजका दिसतो. आमच्या देवळांपुढची दीपमाळ जशी दुरून येणाऱ्या यात्रेकरूला वाट दाखवी, तसेच हे दिवे. मात्र ते ज्या देवतेचे, तिला नवस चालत नाहीत, फक्त दक्षिणा चालते.

ही सीमेवरची गावे हा नेवाडातील सर्वांत बोलका भाग होय. लास वेगसची कीर्ती सर्वत्र झाली आहे. पण एकट्या प्रवाशाला या धंद्याचे खरे स्वरूप दिसते ते जॅकपॉट, वेस्ट वेंडोवर, लाफ्लिन अशा ठिकाणी. शेजारच्या आयडाहो राज्याने १९५४ मध्ये नाण्यांची यंत्रे बंद केली, तेव्हा तेथले धंदेवाले सीमा ओलांडून नेवाडाच्या ओसाड माळावर आले आणि गाव वसले. त्याचे नावच जॅकपॉट. शेजारच्या यूटामध्ये साध्या सोडतीच्या तिकिटालाही बंदी, म्हणून मिठागरासारख्या पांढऱ्या सपाटीच्या पलीकडे वेस्ट वेंडोवर उभे राहिले. गिऱ्हाईक सॉल्ट लेक सिटीचे, तेव्हा या गावाने घड्याळही नेवाडाचे न ठेवता यूटाचे ठेवले आहे. जुगाराच्या दालनात भिंतीवर घड्याळ लावायचे नाही, ही या धंद्याची रीत. गावाचे घड्याळ मात्र गिऱ्हाइकाच्या सोयीने लावायचे! लाफ्लिनची कथा याहून साधी. डॉन लाफ्लिन नावाच्या गृहस्थाने १९६४ मध्ये कोलोरॅडो नदीकाठचे आठ खोल्यांचे बंद पडलेले मोटेल विकत घेतले, दोन वर्षांत कॅसिनो उघडला आणि कालांतराने गावाला त्याचेच नाव पडले. नेवाडातील उच्चांकी तापमान, ५१.७ अंश, २९ जून १९९४ रोजी याच गावात नोंदले गेले. तरी लोक उन्हाळ्यातही तेथे जातात. बाहेर पाऊल टाकवत नाही ही त्या हॉटेलांची अडचण नसून सोयच आहे.

एकटा प्रवासी संध्याकाळी अशा हॉटेलात शिरतो. खोलीची किल्ली घ्यायला, जेवायला, पुन्हा खोलीत जायला त्याला यंत्रांच्या रांगांमधूनच वाट काढावी लागते. खिडकी नसते, त्यामुळे दिवस मावळला की उगवला ते कळत नाही. खेळत असलेल्याला मद्य फुकट मिळते. नावाचे कार्ड करून दिले जाते. ते यंत्रात घातले की कोण किती वेळ बसला, किती हरला, याची नोंद होते आणि त्या प्रमाणात पुढच्या खेपेची खोली, जेवण यांत सूट मिळते. जो अधिक हरतो त्याचा मान अधिक.

एकटेपणाचा येथे मोठा संबंध आहे. पत्त्यांच्या वा फाशांच्या पटाभोवती निदान चार माणसे असतात, बोलणे असते, कोणीतरी ‘पुरे आता’ म्हणण्याचा संभव असतो. यंत्रापुढे एकच खुर्ची असते. आणि नेवाडाच्या जुगाराच्या उत्पन्नातला मोठा वाटा पटांवरून नव्हे, तर या यंत्रांमधून येतो. नताशा डाऊ शूल या मानवशास्त्रज्ञ विदुषीने लास वेगसमध्ये राहून या यंत्रांचा अभ्यास केला; त्यांचा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रापाशी बसणारा जिंकण्यासाठी खेळत नाही, तो खेळत राहण्यासाठी खेळतो, जगाचा विसर पडावा म्हणून खेळतो, असे त्यांना खुद्द खेळणाऱ्यांनीच सांगितले. खुर्चीची उंची, पडद्याचा कोन, आवाज, खेळाचा वेग हे सारे त्या विसरासाठी आखलेले असते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात घरादाराला पारखा झालेला जुगारी फाशांना दोष देतो. पण त्याचे फासे निदान बेहड्याच्या बियांचे होते, त्याच्या सवयींची टिपणे ठेवीत नव्हते.

आमच्याकडे देवळाच्या आवारात अग्रशाळा असतात. यात्रेकरू तेथे अल्प मोबदल्यात राहतो, कारण त्या महाजनांच्या आणि भाविकांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. दात्याचे नाव कोरलेली फरशी भिंतीत असते. कॅसिनोतली स्वस्त खोलीही दुसऱ्या कोणाच्या पैशातूनच मिळते. फक्त त्या दात्याने दान करण्याचे ठरवलेले नसते, आणि त्याच्या नावाची फरशी कोठे लागत नाही. आपला तरुण म्हणतो, मी एक नाणेही टाकले नाही, झोपलो आणि सकाळी निघालो. खरे असेल. त्याच्या खोलीचे उरलेले भाडे खालच्या मजल्यावर पहाटे तीन वाजता बसलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने किंवा मालमोटारीच्या चालकाने भरलेले असते, एवढेच. (लास वेगसच्या मुख्य हमरस्त्यावरील प्रचंड हॉटेलांनी अलीकडे ही रीत सोडली आहे. तेथे खोली, भोजन व करमणूक यांचेच उत्पन्न जुगाराहून अधिक झाले असून २०१६ पासून मोटार उभी करण्याचेही पैसे घेऊ लागले. स्वस्ताईचा जुना शिरस्ता टिकून आहे तो आडगावांत.)

नेवाडाने हा मार्ग धरला तो चैनीखातर नव्हे, हे मात्र सांगितले पाहिजे. १८५९ मध्ये तेथे चांदीची मोठी खाण लागली, १८६४ मध्ये राज्य झाले, चांदी सरली आणि गावे ओस पडली. १९०९ मध्ये याच राज्याने जुगारबंदीचा कायदा केला होता. पण १९३० च्या खानेसुमारीत गोव्याच्या सत्तरपटींहून मोठ्या या प्रदेशात माणसे होती अवघी ९१,०५८. पाऊस नाही, शेती नाही, महामंदीने बँका बुडत चाललेल्या. अशा स्थितीत १९ मार्च १९३१ रोजी राज्यपालांनी जुगार कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. त्याच वर्षी कोलोरॅडोवरील हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. धरणाच्या मजुरांसाठी केंद्र सरकारने बोल्डर सिटी हे गाव वसविले आणि तेथे जुगाराला मज्जाव केला. कष्टकऱ्याचा पगार शाबूत राहावा असे ज्याला वाटते तो काय करतो, हे त्यावरून दिसते. बोल्डर सिटीत आजही कॅसिनो नाही.

पुढचा इतिहास काळा आहे. बग्सी सीगल या गुंडाने उभारलेले फ्लेमिंगो हॉटेल डिसेंबर १९४६ मध्ये उघडले आणि सहा महिन्यांत, जून १९४७ मध्ये, त्याचा खून झाला. दोन दशके या हॉटेलांमागे गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा होता. कृष्णवर्णीय गायक रंगमंचावर टाळ्या घेत आणि रात्री झोपायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जात, कारण ज्या हॉटेलात गायचे तेथे त्यांना खोली मिळत नसे. ही बंदी उठली १९६० मध्ये. १९५१ पासून शंभरेक किलोमीटरवर अणुबाँबच्या चाचण्या होऊ लागल्या, तर हॉटेलवाल्यांनी पहाटेचा स्फोट पाहण्याच्या मेजवान्या भरवल्या! तथापि या राज्याने १९५५ मध्ये नियंत्रण मंडळ व १९५९ मध्ये आयोग नेमला, १९६० मध्ये कॅसिनोत पाऊल टाकण्यास बंदी असलेल्या गुंडांची यादी काढली आणि हळूहळू टोळ्या हुसकावल्या. हे मंडळ आजही कोणत्या भागात, कोणत्या प्रकारच्या खेळातून किती पैसा आला याचे आकडे दरमहा छापते. पाण्याच्या बाबतीतही या राज्याचा हिशेब कडक आहे. कोलोरॅडोच्या सात भागीदार राज्यांत त्याचा वाटा सर्वांत लहान. २०२२ च्या जुलैत लेक मीडची पातळी तो जलाशय भरल्यापासूनच्या नीचांकावर गेली. लास वेगसमध्ये घरांत व हॉटेलांत वापरलेले जवळजवळ सारे पाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडतात, आणि केवळ शोभेसाठी लावलेली हिरवळ काढून टाकण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला आहे. ७ जुलै २०२४ रोजी त्या शहरात पारा ४८.९ अंशांवर गेला.

इतके करूनही नेवाडाची सीमेवरची मिरास टिकली नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मार्च २००० मध्ये तेथील आदिवासी जमातींना कॅसिनो चालवण्याची मुभा दिली, आणि घराजवळ मिळणाऱ्या वस्तूसाठी वाळवंट तुडवण्याचे कारण संपत गेले. वर वर्णिलेल्या पहिल्या सीमावस्तीतील, प्रिम येथील, १९७७ पासूनचे व्हिस्की पीट्स हे हॉटेल डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले. अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरानेही उतरती कळा थांबवण्यासाठी १९७८ मध्ये कॅसिनो आणले. शेजारच्या राज्यांनी तेच केल्यावर एकट्या २०१४ सालात तेथले चार कॅसिनो बंद पडले. जुगारावर उभे राहिलेले गाव शेजाऱ्याच्या सद्वर्तनावर जगत असते. शेजारी बिघडला की गाव बुडते.

आता मांडवीकडे वळू. १९७६ च्या आमच्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पट मांडण्यास वाट मोकळी झाली. समुद्रात असायची जहाजे पणजीच्या धक्क्यासमोर नदीत येऊन राहिली आणि त्यांना तेथून हलवण्याच्या घोषणांमागून मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. महसूल हवा, रोजगार हवा, असे सांगितले जाते. हेच नेवाडानेही सांगितले होते. पण त्याच्या ओंजळीत वाळू होती. तीन हजार मिलिमीटर पाऊस, बारमाही नद्या, कुळागरे, खाजन शेती, मासळी आणि शिकलेली पिढी असलेल्या गोव्याने तेच कारण पुढे करावे, यासारखी केविलवाणी गोष्ट नाही.

शिवाय आम्ही एक कबुली आधीच दिलेली आहे. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. ही मनाई योग्यच होती. पण जी वस्तू आपल्या मुलांना विषासमान म्हणून नाकारायची, तीच हुबळी, पुणे, हैदराबादच्या मुलांपुढे ताटात मांडायची, हे कोणत्या आतिथ्यधर्मात बसते? नेवाडाने निदान परक्याला आणि आपल्याला एकच पंगत वाढली.

मांडवीतील जहाजांच्या मुदतवाढीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे पुन्हा येईल तेव्हा सरकारने तो कागद मुकाट्याने सरकवू नये. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक जहाजावर महिन्यागणिक किती पैसा खेळला गेला, त्यापैकी किती राज्याच्या तिजोरीत पडला, किती गोमंतकीयांना तेथे कायमची नोकरी आहे आणि २०२० च्या मनाईचा भंग केल्याबद्दल किती जणांवर कारवाई झाली, याची माहिती आमदाराने प्रश्न विचारण्याची वाट न पाहता विधानसभेपुढे ठेवावी. जहाजे नदीतून बाहेर नेण्याची तारीखही त्याच कागदावर असावी.