लढाई संपल्यानंतरचा इतिहास

दक्षिण आफ्रिकेत इसांडलवाना टेकडीच्या पायथ्याशी २२ जानेवारी १८७९ ची लढाई आजही प्रेक्षकांसमोर पुन्हा लढून दाखवली जाते. एकीकडे लाल डगलेवाले हौशी शिपाई, दुसरीकडे ढाली-भाले घेतलेले झुलू. सुमारे २०,००० झुलूंनी त्या दिवशी ब्रिटिश बाजूचे १,३०० हून अधिक लोक ठार केले. वसाहतींच्या इतिहासात असे विजय थोडेच. पाहणाऱ्याचा ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे.

परंतु रणांगण म्हणजे संपूर्ण इतिहास नव्हे. हे युद्ध लादले ते ११ डिसेंबर १८७८ च्या निर्वाणीच्या खलित्याने. झुलूंनी आपली सैन्यव्यवस्थाच मोडावी, अशी त्यात अट होती. तो धाडणारे उच्चायुक्त बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ४ जुलै १८७९ रोजी उलुंदीला झुलूंचा पराभव झाला व राज्याचे १३ तुकडे पाडले गेले. मग झोपडीवर कर बसला. तो रोखीने भरण्यासाठी तरुणांना खाणी-मळ्यांची वाट धरावी लागली. डोईपट्टीविरुद्धचा १९०६ चा बंबाथाचा उठाव चिरडला गेला. १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली.

राज्य तोफांनी गेले; श्रम आणि जमीन कायद्याच्या कागदाने. करवसुलीत बिगूल वाजत नाहीत, म्हणून तिचा खेळ रंगत नाही. शौर्याचे स्मरण अवश्य व्हावे. मात्र जमिनीचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ते अपुरेच राहील. विजयोत्सव भरवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे ध्यानी ठेवावे.