जानेवारीतली रायफल आणि मे महिन्यातला कूलर

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या संपादक मंडळाच्या खात्यावर मांडाव्यात. विषय मात्र अस्सल आपल्या होस्टेलचा आहे, सुरुवात बंदुकीपासून होणार असली तरी.

माझा मामा अमेरिकेत, मिशिगनला असतो. घरात माळकरी वातावरण, त्यामुळे शिकारीशी त्याचा संबंध शून्य. पण शेजारी पक्का शिकारी. तिथे बंदुकीने हरणाची शिकार करायचा मुख्य हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. वार कुठलाही असो, तारीख हीच. काही गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते, आपल्याकडे पोळ्याला असते तशी!

या शेजाऱ्याने मामाला जुन्या रायफलींच्या बाजाराचं गणित समजावलं होतं. ऑगस्ट-सप्टेंबर लागला की लोकांना शिकारीची आठवण होते. रायफल घ्यायची, तिच्यावर दुर्बीण बसवायची, मैदानावर जाऊन नेम जुळवायचा, याला वेळ लागतो. म्हणून ऑक्टोबरपर्यंत चांगल्या सेकंडहँड रायफलचा भाव चढतो आणि दुकानदार घासाघीस ऐकूनच घेत नाही. मग हंगाम संपतो, ख्रिसमसचा खर्च होतो, जानेवारीत बिलं दारात येतात. ज्यांना पैशांची गरज आहे ते रायफल घेऊन त्याच दुकानात उभे. दुकानाचं रॅक आधीच भरलेलं, पुढचा हंगाम दहा महिने लांब. तितके दिवस पैसा अडकवायचा तर दुकानदार कमीच देणार ना? फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांच्या हाती इन्कम टॅक्सचा रिफंड पडतो तेव्हा बाजार जरा हलतो, मग पुन्हा ऑगस्टपर्यंत थंड.

आता यात गंमत बघा. नळी तीच, नेम तोच, लाकडी दस्त्यावरचा ओरखडासुद्धा तोच. बदललं फक्त कॅलेंडरचं पान.

अर्थात नियमाला अपवाद आहेत. १९६४ च्या आधी बनलेली विंचेस्टर मॉडेल ७० घेणारा शौकीन महिना बघत नाही. आणि कधी कधी कॅलेंडरच वाहून जातं. २०२० मध्ये कोरोना, अशांतता आणि निवडणूक एकदम आल्यावर तिथे बंदुकांसाठी होणाऱ्या सरकारी पडताळण्यांचा आकडा वर्षभरात ३ कोटी ९६ लाखांवर गेला होता. अशा वेळी कोण नोव्हेंबरची वाट बघतो!

आपल्याकडे हा बाजारच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते उत्तमच झालं. पण हे सगळं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर रायफल नव्हती. कूलर होता.

मागच्या मे महिन्यात, शेवटचा पेपर झाल्यावर तीन दिवसांत रूम खाली करा अशी नोटीस लागली. आमच्या मजल्यावरच्या एका फायनल इयरच्या ताईंना लोखंडी बॉडीचा कूलर विकायचा होता. त्या हजार म्हणाल्या, मी चारशे. त्यांनी पाचशेवर आणलं. मी गप्प बसले. (गप्प बसणं हे भाव करायचं सगळ्यात भारी टेक्निक आहे, आईकडून शिकले.) दुसऱ्या दिवशी त्यांची गावाकडे जाणारी एसटी होती आणि कूलर काही एसटीत जाणार नव्हता. चारशेला दिला. वर बांधायला सुतळीही दिली.

माझे काका नागपुरातच राहतात. कूलर त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत पडून राहिला. यंदा मार्चमध्ये अडीचशेचा पंप घातला, वाळ्याच्या ताट्या बदलल्या, आणि फर्स्ट इयरच्या एका मुलीला अठराशेला विकला. घरी सगळ्यांनी कौतुक केलं, पोरगी हुशार आहे म्हणून.

मी कसली हुशार? माझ्याकडे काकांची गच्ची होती, ताईंकडे नव्हती. एवढाच फरक. जानेवारीत रायफल विकणाऱ्याला दुकानदार फसवतो असं मी म्हणणार नाही, आणि मीही ताईंना फसवलं नाही. पण ज्याला थांबता येतं त्याचा फायदा आणि ज्याला थांबता येत नाही त्याचा तोटा, हे दरवर्षी आपल्याच जिन्यात घडतं आणि आपण त्याला "मार्केट आहे बाबा" म्हणून सोडून देतो. ड्राफ्टरचं तेच. मेमध्ये दीडशेला जातो, फर्स्ट इयरची पोरं आली की साडेतीनशे. ज्यांचं कुणी शहरात नाही, नेमकी तीच मुलं मेमध्ये विकतात.

यावर उपाय आपल्या हातात आहे. तळमजल्यावरची जुनी मेसची कोठी दोन वर्षांपासून कुलपात आहे. फायनल इयरच्या मुलींना त्यात कूलर, ड्राफ्टर, टेबल-फॅन नाव आणि किंमत लिहून ठेवू द्या. ड्राफ्टर ऑगस्टमध्ये जातील, कूलर मार्चमध्ये. पैसे आजकाल फोनवरून क्षणात पोचतात, त्यासाठी माणूस इथे असायची गरज नाही.

रेक्टर मॅडम म्हणाल्या, कूलरच्या टाकीत डास होतात आणि सामान हरवलं तर जबाबदार कोण. डासांचं खरं आहे. म्हणून टाकी कोरडी करून कूलर उलटा ठेवायचा हे आम्ही अर्जातच लिहिलंय. जबाबदारीचं म्हणाल तर रजिस्टर आणि दोन किल्ल्या, एक ऑफिसात, एक आमच्या प्रतिनिधीकडे. तरीही काही हरवलंच, तर चारशेचं नुकसान होईल. आज त्याहून जास्त होतंय, फक्त ते कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही.

अर्जावर एकोणीस सह्या झाल्या आहेत, त्यातल्या चौदा फायनल इयरच्या. पेपर संपायला पाच आठवडे उरलेत. माझी रूम दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतची. पेन मी देते.